फिरत नाहीत की सापडत नाहीत? सांगलीतल्या एका निर्लेखन यादीचं प्रकरण

सांगलीच्या जुन्या भागातल्या एका 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे २०२५ साली एक यादी आली. मागच्या पाच वर्षांत एकदाही घरी न गेलेल्या पुस्तकांची ही यादी संगणकाने काढून दिली होती. सोबत ठरावाचा मसुदाही तयार होता: सदर ग्रंथ रीतसर निर्लेखित करून, म्हणजे वाचनालयाच्या दप्तरातून कमी करून, रद्दीत द्यावेत. जागेची अडचण खोटी नव्हती. पण ग्रंथपालबाईंनी यादी दाखल क्रमांकाने न वाचता विषयवार लावून वाचली, तेव्हा नाटकांचं कपाटच्या कपाट तिच्यात आलेलं दिसलं. देवल, खाडिलकर, किर्लोस्कर आणि त्यांच्या मागोमाग आज ज्यांची नावंही कुणाला आठवणार नाहीत असे कितीतरी नाटककार. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभं केलं आणि जिथे ५ नोव्हेंबरला भावे गौरव पदकाचा सोहळा होतो, तिथे नाटक कुणालाच नको असावं हे बाईंना पटेना. कार्यवाहांचं म्हणणं सरळ होतं. "बाई, भावना बाजूला ठेवा. आकडा काय सांगतोय ते बघा."

आकडा काय सांगतोय ते बघायला मला बोलावलं गेलं. ग्रंथालयशास्त्र शिकवणं हा माझा पेशा, म्हणून. वाचनालयाचं नाव इथे देत नाही. जुन्या मराठी पुस्तकांची यादी घाईघाईने संगणकावर चढवलेल्या कुठल्याही वाचनालयात हेच घडू शकतं, एकट्याला नावानिशी पुढे करण्यात अर्थ नाही.

पाच वर्षं कुठून मोजली

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या पुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. वाचनालयाचा तळमजला बुडाला. कादंबऱ्या, बालविभाग, नियतकालिकांचे जुने अंक आणि जिन्याखाली ठेवलेलं कार्ड कॅटलॉगचं लाकडी कपाट, सगळं गेलं. वरच्या मजल्यावर जुनी पुस्तकं होती: नाटकं, चरित्रं, धर्मविषयक ग्रंथ, इतिहास. ती वाचली.

पुढच्या वर्षी राज्यभरातून पुस्तकांचे खोके येत राहिले. देणाऱ्यांची माया खरी, पण एकाच लोकप्रिय कादंबरीच्या ढीगभर प्रती आणि मुदत संपलेली स्पर्धा परीक्षांची गाइडंही त्यात होती. तळमजला पुन्हा भरला, मग जिना, मग वाचनकक्षाची मागची भिंत. निर्लेखनाचा विषय तिथून निघाला. एरवी आपली वाचनालयं पुस्तक काढायला सहसा तयार होत नाहीत, कारण अनुदानाचा वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या मोजली जाते आणि कपाटातलं मेलेलं पुस्तकही तिथे जिवंत धरलं जातं. इथे देणग्यांमुळे संख्या आधीच फुगलेली होती, त्यामुळे हात मोकळा होता.

दुसरी एक गोष्ट कुणी लक्षात घेतली नव्हती. तळमजल्यावर वाचक स्वतः कपाटापर्यंत जातात, वरच्या मजल्यावर नाही. तिथलं पुस्तक हवं असेल तर चिठ्ठीवर नाव आणि क्रमांक लिहून द्यायचा, मग शिपाई ते काढून आणतो. पुरापूर्वी क्रमांक कार्डांवरून मिळायचा. तोही न पाहता "मामा, ते खाडिलकरांचं द्या" म्हटलं तरी चालायचं, कारण वरच्या मजल्यावरच्या मामांना सगळं तोंडपाठ होतं. पुरात कार्डं गेली आणि त्याच वर्षअखेरीस मामा निवृत्त झाले. उरला फक्त संगणकावरचा शोध. म्हणजे यादीने मोजलेली पाचही वर्षं नेमकी अशी होती, की वरच्या मजल्यावर जायला संगणकाशिवाय दुसरा रस्ताच नव्हता.

न फिरलेलं पुस्तक

वापर मोजून पुस्तक ठेवायचं की काढायचं ते ठरवणं यात वावगं काही नाही. रिचर्ड ट्रूजवेल यांनी १९६९ साली मांडलेला ८०-२० चा नियम आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो: देवघेवीतला सुमारे ८० टक्के भार साठ्यातली २० टक्के पुस्तकं उचलतात. १९७९ मध्ये अॅलन केंट यांच्या गटाचा पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा अभ्यास आला. १९६९ साली विकत घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास ४० टक्के पुस्तकं १९७५ अखेरपर्यंत एकदाही बाहेर गेली नव्हती. त्यावर मोठा वाद झाला. ग्रंथालयातच बसून वाचलेलं पुस्तक हिशेबात नीट येतं का, हा एक आक्षेप होता. आमच्या प्रकरणातला आक्षेप त्याच्याही आधीच्या टप्प्यावरचा. वाचकाने मागितलं, यंत्र 'नाही' म्हणालं आणि वाचक परत गेला, तर देवघेवीच्या नोंदीत ती मागणी उमटतच नाही. शून्य मागणी आणि शून्य सापडणं, दोन्हींचा आकडा एकच येतो.

तपासायला साधन हातातच होतं. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखेची चिठ्ठी. संगणक आला तरी या वाचनालयात परतीच्या तारखेचा शिक्का मारायची पद्धत सुटलेली नाही, कारण जुन्या सभासदांना तो लागतो. यादीतली नाटकं चाळली. काहींच्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या, म्हणजे ती खरोखरच कुणी नेलेली नव्हती. पण बऱ्याच चिठ्ठ्यांवर शिक्क्यांची सलग रांग होती, २०१९ च्या पावसाळ्यापर्यंत, आणि मग एकही नाही.

खजिनदारांनी लगेच हरकत घेतली: मध्ये कोरोना आला, टाळेबंदीत वाचनालयच बंद होतं, त्याचं काय? हरकत योग्य होती. म्हणून तळमजल्यावरच्या कादंबऱ्यांशी तुलना केली. टाळेबंदीचा फटका दोन्हींना सारखाच बसलेला, पण २०२२ पासून कादंबऱ्यांची देवघेव पुन्हा सुरळीत झालेली दिसते. नाटकांची झाली नाही. चरित्रं मधोमध: ज्यांची नावं सोपी ती फिरत होती, बाकीची पडून. हे काही काटेकोर प्रयोगाचं प्रमाण नव्हे, पण संशय पक्का करायला पुरेसं होतं.

शोधपेटीत काय टाइप झालं

शोधपेटीत टाइप केलेला प्रत्येक शब्द सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या नोंदवहीत, राहतो. तो कुणी वाचत नाही. आमच्याकडच्या प्रबंधांबद्दल माझी जुनी तक्रार आहे ती इथे मांडूनच टाकतो: पहिल्या पानावर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे १९३१ चे पाच नियम, मग समाधानाची प्रश्नावली, मग टक्केवारीचे तक्ते. वाचकाला "आपण समाधानी आहात का?" विचारलं की तो बिचारा हो म्हणतो. त्याने काल संध्याकाळी काय शोधलं आणि काय मिळालं नाही, ते लॉगमध्ये पडून असतं. ग्रंथालयांच्या अभ्यासक क्रिस्टीन बोर्गमन यांनी १९८६ मध्ये विचारलं होतं, की ऑनलाइन तालिका, म्हणजे संगणकावरच्या ग्रंथयाद्या, वापरायला अवघड का असतात. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, त्यांनी तोच प्रश्न पुन्हा घेतला: अजूनही अवघड का? माणूस प्रत्यक्षात कसा शोधतो हे तालिकांच्या आराखड्यात उतरलेलंच नाही, हे त्यांच्या उत्तराचं सार. ज्या तालिका पाहून त्या हे लिहीत होत्या, त्या रोमन लिपीतल्या, व्यवस्थित जोपासलेल्या होत्या.

लॉग वाचण्याआधी सभासद क्रमांक आणि संगणकाचे पत्ते गाळून टाकले. कोण काय वाचतो हे कार्यकारिणीलाही कळायचं कारण नाही, आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आल्यावर तर ही सवय लावून घेतलेलीच बरी. मग 'निकाल शून्य' आलेले शोध वेगळे काढले. वाचनालयात खरंच नसलेल्या पुस्तकांचेही शोध त्यात होते, पण असलेल्यांचे शोध इतके निघाले की बाई म्हणाल्या, "अहो, हे सगळं आहे की वर!"

'देवल' टाइप करा: शून्य. नोंदीत लेखक 'गो.ब.देवल' असा होता, टिंबांनंतर जागा न सोडता. शोधसूची बांधणारी प्रणाली शब्द कुठे तुटतो ते ठरवते, तेव्हा दोन अक्षरांच्या मधल्या टिंबावर ती तोडत नाही. हा युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवायच्या जागतिक प्रमाण पद्धतीच्या, शब्दविभागणीच्या नियमांतलाच भाग आहे. त्यामुळे 'गो.ब.देवल' हा एक अखंड शब्द झाला आणि 'देवल' त्याच्या पोटात अडकून बसले. 'खाडिलकर' हे नाव वाचक 'खाडीलकर' असंही लिहितात, विष्णुदासचं विष्णूदास होतं. फोनवर टाइप करणारे तर सरळ रोमन अक्षरांत टाइप करून मोकळे होतात.

यातलं सगळं डोळ्यांना दिसतं तरी. न दिसणाऱ्या चुका जास्त त्रासाच्या निघाल्या. या वाचनालयाची पहिली संगणकीय यादी युनिकोडच्या आधीच्या एका फॉन्टमध्ये केलेली होती. त्या काळच्या फॉन्टांत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठत नसत, कागदावर दिसतात त्या क्रमाने साठत. रफार शेवटी, ऱ्हस्व वेलांटी आधी. नंतर कुणीतरी रूपांतरकातून यादी युनिकोडमध्ये आणली, आणि 'धर्म'चं 'धमर्' झालं, 'वर्ष'चं 'वषर्'. शासन निर्णयाच्या जुन्या पीडीएफमधून मजकूर उचलून पाहिलेल्या कुणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. 'आ' हे अक्षर कुठे एक अखंड चिन्ह म्हणून होतं, कुठे 'अ' आणि काना अशा दोन तुकड्यांचं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण ही दोन रूपं एक करत नाही. 'दुसऱ्या', 'कादंबऱ्या' यांतल्या अर्ध्या र चंही तेच. काही कीबोर्ड तो नुक्ताधारी (खाली टिंब असलेला) ऱ वापरून काढतात, काही साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. बाईंनी एकच शीर्षक दोन संगणकांवर टाइप करून पाहिलं. एकावर सापडलं, दुसऱ्यावर नाही.

शीर्षक दुरुस्त करायचं का

इथे कार्यकारिणीत खरा वाद झाला. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. अनुच्चारित अनुस्वार गेले, शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले. वरच्या मजल्यावरची बहुतेक पुस्तकं त्याआधीची. मुखपृष्ठावर 'नाटकें', 'गांव', 'पांच', 'कीर्ति'. आजचा वाचक टाइप करणार 'नाटके', 'गाव', 'पाच', 'कीर्ती'. बोलून टाइप करणारा असेल तर फोनच त्याच्या वतीने आजचं लेखन घालणार. एका सदस्यांनी सुचवलं, की सरळ सगळी शीर्षकं आजच्या नियमांप्रमाणे करून टाका.

बाईंनी ठाम नकार दिला, आणि माझ्या मते प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. तालिकाकरणाचा पाया असा, की शीर्षक पुस्तकाच्या आतल्या शीर्षकपृष्ठावर जसं छापलं आहे तसंच उतरायचं. १९७८ च्या अँग्लो-अमेरिकन तालिकाकरण नियमांतही तेच होतं, २०१० मध्ये त्यांच्या जागी आलेल्या आरडीए या नियमावलीतही तेच आहे. एकदा शीर्षक 'सुधारलं' की दोन आवृत्त्यांतला फरक पुसला जातो, आणि संशोधकाने छापलेल्या संदर्भावरून शोधलं तर आता त्याला सापडत नाही. मार्क या संगणकीय ग्रंथनोंदीच्या प्रमाण साच्यात पर्यायी शीर्षकासाठी २४६ क्रमांकाचं क्षेत्र वेगळं ठेवलेलं असतं ते याचसाठी. पण हजारो पुस्तकांची पर्यायी शीर्षकं हाताने कोण लिहिणार? एकटी ग्रंथपाल आणि एक अर्धवेळ मदतनीस.

तोडगा निघाला तो असा. वाचकाला दिसणारी नोंद जशीच्या तशी ठेवायची आणि मागे न दिसणारी एक शोधकळ तयार करायची. शीर्षक आणि लेखकनाव एका छोट्या प्रोग्रामातून जातं: अदृश्य जोडचिन्हं गळतात, दोन तुकड्यांचा आ एक होतो, ऱ चा र होतो, ऱ्हस्व-दीर्घ एकच धरले जातात, टिंबाच्या जागी मोकळी जागा येते. वाचक जे टाइप करतो तेही याच चाळणीतून जातं आणि मग दोन्ही जुळवली जातात.

अनुस्वारावर जास्त डोकं चालवावं लागलं. सगळेच काढले तर 'रंग' आणि 'रग', 'वंश' आणि 'वश' एकत्र येतात. म्हणून नियम केला, की काना, एकार, ओकार, दीर्घ ईकार-ऊकार यांवरचे अनुस्वार काढायचे, ऱ्हस्वावरचे ठेवायचे. 'शांत'चं 'शात' होतं, पण दोन्ही बाजूंनी होतं आणि 'शात' हा दुसरा कुठला शब्द नाही, त्यामुळे बिघडत काही नाही. जुन्या लेखनातलं 'हंसणें' मात्र निसटलं, कारण तिथे अनुस्वार ऱ्हस्व अ वर आहे आणि तो काढावा तर हंस पक्षीही उडून जातो. अशा शब्दांची वेगळी यादी करून ठेवली आहे, ती वाढत राहील. ऱ्हस्व-दीर्घ एक केल्यामुळे 'दिन' शोधणाऱ्याला 'दीन'ही मिळतं. सिरिल क्लेव्हरडन यांच्या माहितीशोधावरच्या क्रॅनफिल्डच्या प्रयोगांपासून, म्हणजे १९६० च्या दशकापासून, ही ओढाताण माहीत आहे: जास्त सापडायला हवं असेल तर थोडा कचराही येतो. लाखो नोंदींच्या तालिकेत तो जाच होईल. या आकाराच्या वाचनालयात पाच निकालांच्या जागी आठ आले तर वाचक तीन सोडून देतो.

'धमर्'सारख्या मोडलेल्या शब्दांना यातलं काही लागू पडलं नाही. त्या नोंदी पुस्तक हातात घेऊन नव्याने कराव्या लागल्या आणि ते काम अजून चालू आहे. ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी प्रात्यक्षिक म्हणून ते करतात. लेखकांची नावं 'देवल, गोविंद बल्लाळ' अशी एकरूप करून इतर रूपांवरून तिकडे वाट दाखवली, आणि आडनावाचं साध्या रोमन अक्षरांतलं रूप शोधकळीत घातलं. त्यात आंतरराष्ट्रीय लिप्यंतराची टिंबं-रेघा ठेवल्या नाहीत, त्या वाचक टाइप करत नाहीत. कोहासारखी मुक्तस्रोत ग्रंथालय प्रणाली वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: तिथे झेब्रा शोधयंत्राची सूची बांधायचे दोन मार्ग असतात आणि देवनागरीसाठी आयसीयूचा, म्हणजे युनिकोडचे नियम पाळणारा, मार्ग निवडावा लागतो. तो निवडलेला नसेल तर वरचं सगळं करूनही हाती फारसं लागत नाही.

कार्यकारिणीतल्या एका तरुण सदस्यांना हे सगळं जुनाट वाटलं. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून विषय का लावून घेऊ नयेत, असं त्यांनी विचारलं. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने केलेलं अॅनिफ हे साधन तसंच काम करतं आणि चांगलं करतं. पण ते शिकतं ते आधी माणसांनी विषय लावलेल्या नोंदींवरून. इथल्या नोंदींत विषयाच्या रकान्यात 'नाटक' एवढंच होतं, त्यामुळे ते शिकून 'नाटक' एवढंच म्हणालं असतं.

मग नाटकं फिरली का

खजिनदारांचा शेवटचा प्रश्न नेमका होता. "सापडली म्हणजे वाचतीलच असं आहे का?" तसं नाही. शोध दुरुस्त झाल्यावर चरित्रं आणि इतिहास लवकर हलले. नाटकांत नावाजलेली थोडी बाहेर पडली, बाकीची कपाटातच राहिली. ज्यांच्या चिठ्ठ्या पहिल्यापासून कोऱ्या होत्या त्यांतलं एकही गेलं नाही. म्हणजे मूळ यादी सगळीच चुकीची नव्हती.

मग बाईंनी देवघेवीच्या खिडकीवर एक वही ठेवली. नाटक मागायला येणारा माणूस तोंडाने काय म्हणतो ते त्याच शब्दांत लिहायचं. राज्य नाट्य स्पर्धेच्या आधीचे दिवस होते, महाविद्यालयांच्या एकांकिकांचेही. वहीत लेखकाचं नाव क्वचित आलं. आलं ते असं: "पाच जणांत होणारं", "बाईचं काम नसलेलं", "शाळेच्या पोरांना जमेल असं", "एकाच सेटवरचं". ड्युईच्या दशांश वर्गीकरणात मराठी नाटकाचा क्रमांक ८९१.४६२. तिथे भाव्यांपासून आजपर्यंतचं सगळं नाटक एका रांगेत उभं राहतं आणि पात्रं किती हे कुठेच कळत नाही. पूर्वी हे मामांना माहीत होतं. कोणत्या मंडळींना काय चालेल हे ते कपाटापाशी उभं राहून सांगायचे, आणि चिठ्ठ्यांवरच्या शिक्क्यांत त्यांचा वाटा किती, हे आता वेगळं काढता येणार नाही.

छापील नाटकाच्या सुरुवातीला बहुधा पात्रांची यादी असतेच. त्यामुळे मोडक्या नोंदी नव्याने करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणखी चार गोष्टी उतरवायला सांगितल्या: पुरुष पात्रं, स्त्री पात्रं, अंक, स्थळं. त्या टीपेच्या क्षेत्रात जातात आणि शोधात येतात. हे काम अर्ध्यावर आहे.

कार्यकारिणीने शेवटी ठराव दोन भागांत मंजूर केला. मुदत संपलेली गाइडं, जुन्या संगणक प्रणालींची पुस्तकं आणि एकाच कादंबरीच्या जादा प्रती निर्लेखित झाल्या. त्यातून मागची भिंत मोकळी झाली. वरच्या मजल्यावरची यादी पुढच्या साठा पडताळणीपर्यंत थांबवली आहे. तेव्हा देवघेवीच्या आकड्यासोबत शून्य-निकाल शोधांचा आकडा आणि खिडकीवरची वहीही कार्यकारिणीपुढे ठेवायची, असं इतिवृत्तात नोंदवलं आहे. खजिनदारांनी त्यात एक ओळ वाढवून घेतली: पात्रसंख्या नोंदवूनही जे नाटक कुणी मागितलं नाही, त्यावर पुन्हा चर्चा नको.